अंदाजे

रात्री दोन चाळीसला क्रोमॅटोग्राफ गप्प झाला.
हेलियमचं सिलिंडर संपलेलं.
दुसरं भिवंडीच्या गोदामात,
आणि गोदामाची किल्ली बारस्करांच्या उशाखाली.

तोवर दर चार मिनिटांनी कागदावर डोंगर उमटत होते:
मिथेनचा उभा कडा, इथेनची टेकडी,
प्रोपेन, ब्युटेन म्हणजे नुसती वारुळं;
आणि नायट्रोजन, जो जळत नाही,
फुकटात प्रवास करतो.
त्याचे पैसे कुणाला पडू नयेत
एवढ्यासाठी आम्ही तिघं जागे,
वडाळ्याच्या मिठागरांच्या कडेला.

मोजायचं घनफळ, विकायची आच.
नव्या पोरांना सांगते तेव्हा मान डोलावतात.
एक घनमीटर म्हणजे काहीच नाही रे,
किती दाबाचा, किती तापलेला,
कुणाकुणाला पोटात घेऊन आलेला, ते आधी सांग,
मग मी सांगते त्यात किती कप चहा आहे.

आता डोंगर नाहीत. म्हणून हातानं.
घनता सांगणारं यंत्र तेवढं शाबूत:
हवा शंभर धरली तर गॅस एकसष्ट.
कालच्यापेक्षा किंचित जड.
जड म्हणजे इथेन वाढला
की कार्बन डायऑक्साइड शिरला?
एक आच वाढवतो, दुसरा नुसता जागा अडवतो,
काट्यावर मात्र दोघांचे चेहरे सारखेच.
"समुद्राचा माल आहे," पास्कोल म्हणाला, "इथेनच धर."

आणि पाइपात आत्ता, या क्षणाला, किती?
या टोकाला एकोणीस बार, त्या टोकाला चौदा,
मधला आकडा साडेसोळा नाही, जरासा वर.
दाब सरळ उतरत नाही,
आधी रेंगाळतो, मग घसरतो.
अण्णांचं शेवटचं वर्ष तसंच गेलं.

लालबागच्या गॅसघरात होते अण्णा, कोळशाच्या गॅसच्या दिवसांत.
तक्ते त्यांच्याकडेही असतील, पण ते ज्योत बघायचे,
एक डोळा मिटून,
आणि म्हणायचे, "आज पातळ आहे,"
भय्याच्या दुधाबद्दल बोलावं तसं.

चार दहाला प्रवाहाच्या रेषेवर एक बारका उंचवटा.
बेकऱ्या कधीच सुरू झाल्यात, हॉटेलं झोपलीत.
ही स्मशानभूमी. मी ओळखते.
तासाभरात उतरेल.

अण्णांच्या वेळीही असाच आला असेल.
ड्यूटीवर तळपदे होता बहुतेक.
त्यानं पाहिला असेल, नसेल.
पावतीवर नाव होतं, वय होतं, वेळ होती,
घनमीटरचा रकाना नव्हता.
तेराव्यानंतर मीच बसले हिशेबाला, कुणाला न सांगता.
गॅसचा आकडा निघाला.
मग लक्षात आलं, शरीरही थोडी आच देतं आपली,
मीटरच्या पलीकडची.
ती कुठे धरायची कळेना,
कागद दुमडून साड्यांच्या घडीत ठेवला.

इथे ज्योत नाही.
आगपेटी फाटकावर ठेवूनच आत यायचं.
अर्ध्या शहराची आच पायाखालून जाते
आणि चहा विजेच्या किटलीत;
तोही पास्कोल नीट उकळू देत नाही.

वहीत लिहिलं:
नऊ हजार तीनशे चाळीस किलोकॅलरी,
आणि पुढे, नियमाप्रमाणे, अंदाजे.

सव्वासातला सिलिंडर आलं,
मागोमाग बारस्कर, शर्टाची बटणं लावत.
अर्ध्या तासानं पहिला डोंगर उमटला.
नऊ हजार तीनशे एकवीस.
म्हणजे दुसराही होता थोडा, जागा अडवून.
पास्कोल काही बोलला नाही, कप विसळायला गेला.

आकडा खोडायचा तर एकच रेघ मारायची,
शेजारी सही.
गिरबटायचं नाही.
खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.